मनगटात ८०, महाधमनीत १२८: ताठर धमन्यांच्या रुग्णाची बायपास आणि रक्तदाबाचा घोळ

हृदय-फुप्फुस यंत्रावरून, म्हणजे पंपावरून, उतरवून सहा मिनिटं झाली होती. मॉनिटरवर मनगटातल्या रेडियल धमनीचा दाब ८०/४८, सरासरी ५९. दाब चढवणारं नॉरअ‍ॅड्रेनलिन ०.०५ वरून ०.२ मायक्रोग्रॅम प्रति किलो प्रति मिनिट, म्हणजे सिरिंज पंपावर ताशी २.१ मिलीवरून ८.४ मिलीपर्यंत चढवलं होतं (५० मिलीत ४ मिलिग्रॅम, वजन ५६ किलो). एवढं करून वरचा आकडा ७४ वरून ८० वर आला, बस. त्याच वेळी महाधमनीवर दोन बोटं ठेवून सर्जन भूलतज्ज्ञांना म्हणाले, "मॅडम, इथं चांगलं टणक लागतंय. वरच्या जोडातून टिपकायला लागलंय. तुमचा आकडा काय आहे?"

बोटं एक सांगत होती, पडदा दुसरं. हे प्रकरण या विसंगतीचं आहे. बायपासमध्ये वारंवार समोर येणारी परिस्थिती एका रुग्णाच्या रूपात मांडली आहे. आकडे त्या परिस्थितीचे प्रातिनिधिक आहेत, कुणा एका व्यक्तीचे नाहीत.

टेबलावर येण्याआधी काय माहीत होतं

वय ६८, स्त्री, उंची १५२ सेंमी, वजन ५६ किलो. वीस वर्षं उच्च रक्तदाब, पंधरा वर्षं मधुमेह, क्रिएटिनिन १.३. तिन्ही मुख्य वाहिन्यांत अडथळे, हृदयाची पंपिंग क्षमता ४० टक्के. उजव्या दंडात रक्तदाब १६८/६६, डाव्यात १६२/६४. दोन्ही हातांत घेतला हे चांगलं झालं, त्याचं कारण शेवटी येईल.

या नोंदीत बोलका आकडा १६८ नाही. बोलका आहे तो वरच्या आणि खालच्या दाबातला फरक: १०२. याला नाडीदाब म्हणतात. तरुण माणसात तो ४० च्या आसपास असतो. वरचा दाब चढलेला आणि खालचा उतरलेला, असं चित्र दिसलं की महाधमनी ताठर झाली आहे असंच धरून चालावं. कॅरॉटिड (मानेतली धमनी) ते फीमोरल (जांघेतली धमनी) नाडीलहरीचा वेग मोजणारं यंत्र असेल तर खात्री करता येते. सेकंदाला १० मीटरच्या वर वेग गेला की ताठरपणा लक्षणीय मानतात. पण बहुतेक ठिकाणी ते यंत्र नसतं आणि त्यावाचून अडतही नाही. नाडीदाब, छातीच्या एक्स-रेत महाधमनीच्या कमानीवर दिसणारी चुन्याची पांढरी कड, आणि घोटा व दंड यांच्या दाबाचं गुणोत्तर, या तिन्ही गोष्टी फुकटात मिळतात. या रुग्णात गुणोत्तर १.४२ आलं. १.४ च्या वरचा आकडा पाहून 'पायाचा रक्तपुरवठा उत्तम' असं समजायचं नाही. पायाच्या धमन्या इतक्या कडक आहेत की कफने नीट दाबल्या जात नाहीत, असा त्याचा अर्थ.

निरोगी महाधमनी प्रत्येक ठोक्याला फुगते, थोडं रक्त साठवते आणि हृदय शिथिल असताना ते पुढे ढकलते. १८९९ साली ऑटो फ्रांकने या कामाला गणिती रूप दिलं. भिंतीतले इलॅस्टिनचे तंतू तुटत जातात, त्यांची जागा कोलॅजन आणि कॅल्शियम घेतात, आणि हा साठा संपतो. मग प्रत्येक ठोक्याचा सगळा भार वरच्या दाबावर येतो आणि शिथिलावस्थेत ढकलायला काही उरत नाही. शिवाय नाडीची लहर दूरच्या फाट्यांवर आपटून परतते, ती वेग वाढल्यामुळे लवकर पोचते. एरवी ती खालच्या दाबाला आधार देते. इथे ती आकुंचन चालू असतानाच येऊन आधीच दमलेल्या डाव्या कप्प्याचं ओझं वाढवते. डाव्या कप्प्याच्या स्नायूला रक्त मुख्यतः शिथिलावस्थेत मिळतं. म्हणजे ज्या हृदयाला बायपासची गरज आहे, त्याचीच दोन्हीकडून कोंडी.

लाइन कुठे, कोणती

धमनीतला दाब सतत मोजण्यासाठी लाइन लागते, म्हणजे धमनीत बारीक नळी. उजव्या रेडियलमध्ये २० गेजची अशी नळी, कॅन्युला, घातली. डावी टाळली, कारण छातीच्या भिंतीतली डावी मॅमरी धमनी सोडवताना रिट्रॅक्टर डावी बाजू उचलून धरतो, तेव्हा हाताकडे जाणारी डावी सबक्लेव्हियन धमनी दाबली जाऊन त्या हातातली लहर चपटी पडू शकते. डाव्या हाताची रेडियल ग्राफ्टसाठी, म्हणजे हृदयाला जोडायची नवी वाहिनी म्हणून, काढायची असेल तर प्रश्नच मिटला.

सोनोग्राफीत उजव्या रेडियलचा व्यास १.८ मिमी होता. २० गेजच्या कॅन्युलाची बाहेरची जाडी १.१ मिमीच्या आसपास असते, म्हणजे अर्ध्याहून जास्त व्यास तिनेच व्यापला. कमी उंची, बारीक रेडियल, जुना रक्तदाब आणि लांबणारी शस्त्रक्रिया, हे चारही जमले की पंपानंतर मनगटाचा दाब महाधमनीच्या मागे पडण्याची शक्यता वाढते. अशा रुग्णात भूल दिल्यावर लगेच फीमोरल लाइनही घालून ठेवावी, हे आमचं ठाम मत. इथे फक्त जांघ स्वच्छ करून झाकून ठेवली होती. पुढची वीस मिनिटांची ओढाताण त्यातूनच झाली.

ट्रान्सड्यूसर, म्हणजे नळीतला दाब मॉनिटरला कळवणारा सेन्सर, चौथ्या बरगडीखालच्या फटीच्या पातळीवर, काखेच्या मध्यरेषेला. दहा सेंमीची चूक म्हणजे सुमारे ७.५ मिमी पाऱ्याची चूक. टेबल वर घेतलं आणि ट्रान्सड्यूसर स्टँडवर जिथल्या तिथे राहिला, तर आकडा आपोआप वाढतो. म्हणून तो टेबलालाच बांधावा. प्रेशर बॅग ३०० वर, कडक नळी, शक्यतो १२० सेंमीच्या आत, आणि एकही बुडबुडा नको.

भूल देताना दाब १६८/६६ वरून ८८/४२ वर घसरला. ताठर धमन्यांत हे नेहमीचं. भिंतीत लवचीकता नसल्याने रक्ताचं आकारमान थोडं कमी झालं तरी दाब मोठी उडी मारतो, आणि औषध दिल्यावर तेवढीच मोठी उडी उलट्या दिशेने. म्हणून दाब चढवणारं फेनिलएफ्रिन एका वेळी ५० मायक्रोग्रॅमच, मग अर्धा मिनिट थांबून बघायचं. १०० चा हात लागला की वरचा दाब १९० ला जाऊन पोचतो.

पंपावर

चांगला कॅन्युला बसेल अशी जागा शोधण्यासाठी महाधमनीवर थेट प्रोब ठेवून सोनोग्राफी केली. बोटांना फक्त कडक कॅल्शियम कळतं, मऊ थर कळत नाही, आणि मेंदूकडे निसटून जातो तो बहुतेकदा मऊच. ३ मिमीपेक्षा जाड थर जिथे होता ती जागा सोडली. ग्राफ्टचे खालचे (हृदयाच्या वाहिनीवरचे) आणि वरचे (महाधमनीवरचे), सगळे जोड महाधमनीला एकदाच क्लॅम्प लावून केले, म्हणजे ताठर भिंतीला दुसऱ्यांदा चिमटा बसला नाही. भारतात पंपाशिवाय धडधडत्या हृदयावर बायपास मोठ्या प्रमाणावर होते आणि अशा महाधमनीसाठी ती चांगली वाट आहे. पण इथे वाहिन्या बारीक, एक स्नायूत दडलेली, आणि हृदय उचललं की दाब टिकेना, म्हणून पंप घ्यावा लागला.

रक्त गोठू न देणारं हेपॅरिन २२,४०० युनिट (४०० प्रति किलो), रक्त गोठायला लागणारा वेळ (एसीटी) ५२० सेकंद. शरीराचं पृष्ठफळ १.५४ चौरस मीटर, म्हणून मिनिटाला ३.७ लिटर प्रवाह. सरासरी दाब ६५ ते ८० च्या दरम्यान ठेवला. नेहमीची सरासरी १०० असलेल्या रुग्णाला ५० वर चालवणं धोक्याचं वाटतं, आणि वाटायलाही हवं. पण औषधं ओतून आकडा वर नेल्याने मेंदू वाचतोच असं नाही. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या डेन्मार्कमधल्या चाचणीत पंपावर सरासरी दाब ७० ते ८० ठेवलेल्या गटात आणि ४० ते ५० ठेवलेल्या गटात एमआरआयवर दिसणाऱ्या नव्या मेंदू-इजांमध्ये फरक आढळला नाही. त्यामुळे कपाळावरच्या ऑक्सिजन-सेन्सरवर नजर ठेवली. सुरुवातीचा आकडा ६४ होता, ५१ च्या खाली म्हणजे २० टक्के घसरण झाली की हालचाल करायची असं ठरलं होतं. ती वेळ आली नाही.

क्लॅम्प ८४ मिनिटं, पंप ११८ मिनिटं. शरीर ३३ अंशांवरून ३६.५ पर्यंत हळूहळू गरम केलं. रुग्णाकडे जाणारं रक्त ३७ च्या वर जाऊ दिलं नाही.

उतरल्यानंतरची वीस मिनिटं

आता सुरुवातीच्या क्षणाकडे येऊ. दाब ८०/४८. पल्मनरी धमनीतल्या कॅथेटरने दर मिनिटाचं उत्सर्जन ४.१ लिटर दाखवलं, मध्यवर्ती शिरेचा दाब १०. मॉनिटरने मनगटाची सरासरी ५९ धरून रक्तवाहिन्यांचा एकूण प्रतिरोध काढला: ९५६. आकडे सांगत होते, उत्सर्जन बरं आहे, वाहिन्या सैल पडल्या आहेत, नॉरअ‍ॅड्रेनलिन वाढवा. तर्क चोख होता. पाया चुकीचा होता.

त्या विधानाशी न जुळणाऱ्या चार गोष्टी मात्र समोरच होत्या. अन्ननलिकेतून केलेल्या इकोत डावा कप्पा पंपाआधीपेक्षा चांगला हलत होता. मेंदूचा ऑक्सिजन ६२. उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड ३६, म्हणजे फुप्फुसांकडे रक्त व्यवस्थित जात होतं. आणि सर्जनची बोटं. खऱ्याखुऱ्या ५९ सरासरीला महाधमनी बोटाखाली दबते, इथे ती दबत नव्हती.

अशा वेळी करायच्या गोष्टी क्रमाने केल्या, आणि क्रम महत्त्वाचा आहे. आधी नॉरअ‍ॅड्रेनलिन वाढवणं थांबवलं. मग ट्रान्सड्यूसर हवेला उघडून झिरो, पातळी तपासली. मग फ्लश-चाचणी: नळीत जोराने सलाइन सोडणारी फ्लशची चिमटी ओढून झटक्यात सोडली की पडद्यावर चौकोनी लाट येते आणि ती खाली उतरताना एक-दोनदा हेलकावते. हेलकावे अजिबात नाहीत, लाट आळसावून उतरते, तर नळीत बुडबुडा, गुठळी किंवा कॅन्युलाला घडी. इथे दोन हेलकावे, दुसरा पहिल्याच्या साधारण पाचव्या हिश्श्याएवढा. लाइन ठणठणीत होती. मनगटात दाब खरोखरच ८० होता! आकडा खोटा नव्हता, तो फक्त हृदयाजवळचा नव्हता.

मग डाव्या दंडावर कफ: ११८/५८. मनगटापेक्षा वरचा दाब ३८ ने जास्त. हा दुवा दीड मिनिटात मिळतो, त्यासाठी काही टोचावं लागत नाही, म्हणून त्या हातावर कफ पहिल्यापासून गुंडाळलेला असावा. दंडाच्या मापाचा: फुगणाऱ्या पिशवीची रुंदी घेराच्या ४० टक्के.

शेवटी महाधमनीतला दाब. कार्डिओप्लेजियाची (हृदय थांबवणारं द्रावण देण्याची) सुई महाधमनीच्या मुळाशी अजून होती. सर्जनने निर्जंतुक प्रेशर-नळी भूलतज्ज्ञाकडे दिली, ती सलाइनने पूर्ण भरून घेतली, आणि सुईला जोडताना दोन्ही बाजूंनी थेंब टपकत असतानाच जोडली. इथे एक गोष्ट कधीही विसरू नये. एकदा ही नळी महाधमनीला जोडली की फ्लशची चिमटी ओढायची नाही. आत राहिलेला बुडबुडा थेट हृदयाच्या किंवा मेंदूच्या वाहिनीत जाईल. सवयीने हात चिमटीकडे जातो, म्हणून जोडण्याआधी ती चिमटी चिकटपट्टीने बांधून टाकणं उत्तम. सुईची व्हेंटची (रक्त ओढून घेणारी) फांदीही क्लॅम्प केलेली हवी, नाहीतर दाब कमी दिसतो.

त्याच ट्रान्सड्यूसरवर तीन-मार्गी तोटी फिरवून दोन्ही जागा पाठोपाठ वाचल्या, म्हणजे दोन ट्रान्सड्यूसरांच्या झिरोत फरक असल्याची शंकाही राहिली नाही. मनगट ८०/४८, सरासरी ५९. महाधमनी १२८/५६, सरासरी ८०. वरच्या दाबात ४८ चा फरक, सरासरीत २१ चा. साधारणपणे वरच्या दाबात २५ किंवा सरासरीत १० चा फरक पडला की तो अर्थपूर्ण धरतात. आता प्रतिरोध पुन्हा काढला: ९५६ नव्हे, १३६६. वाहिन्या सैल नव्हत्याच.

हा फरक का पडतो? पंपानंतर मनगटाचा दाब महाधमनीपेक्षा कमी दिसू शकतो हे १९८५ पासून नोंदलेलं आहे आणि अनेक ठिकाणी साधारण एक तृतीयांश रुग्णांत तो आढळतो. कारणांबद्दल दोन मतं आहेत. गरम करताना हाताच्या आणि कोपराखालच्या बारीक वाहिन्या उघडतात, रक्त तिकडे सहज वाहून जातं आणि मनगटापर्यंत दाब टिकत नाही, हे एक. रेडियल स्वतःच आकसते, विशेषतः बारीक असेल आणि दाब वाढवणारी औषधं चालू असतील तेव्हा, हे दुसरं. दुसरं कारण लागू असेल तर नॉरअ‍ॅड्रेनलिन वाढवणं म्हणजे आकडा आणखी पाडणं आणि महाधमनीत दाब आणखी चढवणं. ताठर धमन्यांत यात एक फसवणूक वाढते. तरुण माणसात मनगटाचा वरचा दाब महाधमनीपेक्षा १० ते २० ने जास्त असतो, कारण लहर पुढे जाताना उंच होते. या रुग्णात महाधमनीच इतकी कडक की ती वाढ जवळपास संपलेली. पंपाआधी दोन्ही आकडे सारखेच होते, म्हणून पंपानंतरही सारखेच असतील असं मन धरून चालतं.

चूक कळली नसती तर? वरच्या जोडाचे टाके ताजे, कॅन्युलाची भोकं अजून बांधायची, भिंत कॅल्शियमने ठिसूळ. मनगटात १०० आणायचे म्हणून औषध वाढवत गेलं असतं तर महाधमनीत १६०-१७० झाले असते. टाके फाटणं, भिंतीचे थर सुटणं, मॅमरी ग्राफ्ट आकसणं, ४० टक्के क्षमतेच्या कप्प्यावर उलटा भार. वरच्या जोडातून टिपकणं ही त्याचीच पहिली खूण होती.

नॉरअ‍ॅड्रेनलिन पंधरा मिनिटांत ०.२ वरून ०.०५ वर आणलं, एका वेळी ०.०५ ने, प्रत्येक पायरीला महाधमनीचा आकडा बघून. ११२/५२ वर स्थिर झालं, जोडातलं टिपकणं थांबलं, जादा टाका लागला नाही. दरम्यान सोनोग्राफीखाली उजव्या जांघेत १८ गेजची फीमोरल लाइन घातली, धमनीच्या फाट्याच्या वर आणि जांघेच्या बंधाच्या खाली. ती चालू झाल्यावरच मुळातली सुई काढली, आणि हेपॅरिनचा परिणाम उलटवणारं प्रोटामिन त्यानंतर, दहा मिनिटांत सावकाश. प्रोटामिनने दाब पडतो. कुठला दाब खरा हेच माहीत नसताना ते सुरू करणं हा दुहेरी धोका.

चाळीस मिनिटांनी मनगट १०४/५२, जांघ १२२/५४. आयसीयूत तीन तासांनी फरक ६ वर आला. तोवर सगळे निर्णय फीमोरलवर घेतले. मनगटाच्या लहरीवरून हृदयाचं उत्सर्जन मोजणारं यंत्र या काळात लावू नये. ते धमनीची लवचीकता गृहीत धरून गणित करतं, आणि इथे तेच गृहीतक कोसळलेलं असतं.

रात्री उलटा घोळ

पहाटे अडीचला वरचा दाब एकदम १८६. ड्रेनमध्ये रक्त वाढलेलं नाही, रुग्ण शांत. जांघ वाकवता यावी म्हणून फीमोरल काढून पुन्हा रेडियल वापरात घेतली होती, आणि नळी आखूड पडते म्हणून मध्ये ९० सेंमीची जादा नळी जोडली होती. कफ: १४८/६०. सरासरी मात्र दोन्हीकडे जवळपास सारखी, ९२ आणि ८९.

सरासरी जुळते आणि फक्त शिखर उंच दिसतं, तेव्हा नळीवर संशय घ्यावा. सिस्टरने फ्लश-चाचणी केली तर पाच हेलकावे, आणि हळूहळू विरणारे. लांब नळीची स्वतःची कंपनसंख्या खाली येते. ताठर धमनीतली लाट उभी चढते, तिच्यात वेगवान कंपनं जास्त असतात, ती नळीच्या कंपनांशी जुळतात आणि शिखर कृत्रिमरीत्या उंचावतं. मऊ धमन्यांच्या रुग्णात हीच नळी एवढी चूक करत नाही. जादा नळी काढली, आकडा १५४ वर आला. दाब उतरवणारं ग्लिसरील ट्रायनायट्रेट भरून तयार होतं, ते लावलं नाही. लावलं असतं तर खालचा दाब ६० वरून ५० च्या खाली गेला असता, आणि नव्या ग्राफ्टना रक्त नेमकं त्याच दाबाने मिळतं.

डिस्चार्ज कार्डावर

औषधांखाली तीन ओळी लिहिल्या. पहिली पुढच्या भूलतज्ज्ञासाठी: 'पंपानंतर रेडियल व महाधमनीत ४८ चा फरक, मोठ्या शस्त्रक्रियेत फीमोरल लाइन आधी.' दुसरी फिजिशियनसाठी: 'डाव्या दंडाचा कफ धमनीतल्या वरच्या दाबापेक्षा ६ ते १० कमी दाखवतो, गोळ्या वाढवताना खालचा दाब ६० च्या खाली जाऊ देऊ नये.' तिसरी घरच्यांसाठी, साध्या भाषेत: 'दर महिन्याला दोन्ही हातांत रक्तदाब घ्या. आता डावा उजव्यापेक्षा ६ ने कमी आहे. फरक १५ च्या वर गेला तर गोळी बदलू नका, हृदयाच्या डॉक्टरांकडे या. डाव्या हाताला रक्त नेणाऱ्या धमनीतूनच हृदयाच्या नव्या वाहिनीला रक्त जातं.'